घरखाण्याचे एक एकर पंचनाम्यात कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस ओढ देवो की धो धो कोसळो, मराठवाड्याची चर्चा फिरून फिरून सोयाबीन, विमा आणि पंचनामा या तीन शब्दांवर येऊन थांबते. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हाही तेच झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या आणि माती खरवडून गेल्या, तेव्हाही तेच. सोयाबीन गेले म्हणजे पैसा गेला, हे खरेच. पण चुलीवर काय चढले, हा हिशेब वेगळा आहे आणि तो बहुतेक घरांत बाईच्या डोक्यात असतो. ज्या घरांत भाकरी-डाळ टिकून राहते, तिथे बरेचदा अर्धा-एक एकर तुकडा नगदी पिकापासून हट्टाने वाचवलेला असतो. हे पत्र त्या तुकड्याविषयी आणि त्यात जे पेरायचे त्या बियाविषयी आहे.

ही कल्पना काही नवी नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात उभ्या राहिलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने तिला ‘एक एकर’ असे सुटसुटीत रूप दिले. बाईने घरच्यांशी बोलून अर्धा ते एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचे हे तिने ठरवायचे. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्काराने कौतुक झाले. पण तो तुकडा नीट चालवायला काय काय लागते आणि कुठे घसरायला होते, हे फारसे छापून येत नाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो आहोत.

आधी गरज किती ते पाहू. पाच माणसांचे घर धरा. माणशी रोज ३०० ग्रॅम पीठ धरले तर वर्षाला साडेपाच क्विंटल धान्य लागते. अन्नसुरक्षा कायद्याखालचे माणशी महिन्याला पाच किलो रेशन सगळे मिळाले, तर त्यातले तीन क्विंटल भागते. उरले अडीच. त्यातही मराठवाड्यासह आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात रोख मिळते. आधी माणशी महिन्याला १५० रुपये होती, मग १७० झाली. धान्याचा भाव वाढला म्हणून ही रक्कम काही आपोआप वाढत नाही. डाळीचे म्हणाल तर माणशी रोज ५० ग्रॅम म्हणजे वर्षाला ९० किलोच्या वर, आणि त्यासाठी घरच्या जात्यावर भरडायची तूर साधारण सव्वा क्विंटल हवी. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. सगळ्यांचे झाल्यावर तळाची डाळ बाईच्या वाट्याला येते, त्यामुळे डाळ घटली की पहिली ताटली तिची रिकामी होते.

अडीच क्विंटल धान्य आणि सव्वा क्विंटल तूर, एवढे एका कोरडवाहू एकरातून काढता येते. त्यासाठी सगळी अंडी एकाच पावसाखाली ठेवायची नाहीत. चाळीस गुंठ्यांची एक वाटणी अशी: वीस गुंठे हलक्या-मध्यम रानात बाजरी आणि तूर, बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक. बी लागते बाजरीचे सातशे ग्रॅम, तुरीचे एक किलो. चौदा गुंठे भारी रानात आधी मूग-उडीद, दोन किलो बी. तो ऑगस्टअखेर-सप्टेंबरात निघाला की त्याच जागी रब्बी ज्वारी, दीड किलो बी. पाण्याजवळचे तीन गुंठे भाजीला, दोन भुईमुगाला, एक मिरचीला. बांधाकडेने अंबाडी, तीळ, कारळ आणि मटकी-चवळीचे वेल.

या वाटणीत प्रत्येक पीक वेगळ्या वेळी पावसाच्या तोंडी सापडते, म्हणून ती चालते. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो. बाजरीला ऐंशी-पंच्याऐंशी दिवस लागतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ तूर दीडशे-पंचावन्न दिवसांत हाती येते, आणि मालदांडी ज्वारी तर खरिपाचा पाऊस सरल्यावर, जमिनीतल्या ओलीवर वाढते. ऑगस्ट कोरडा गेला तर फुलातला मूग जातो, पण तुरीचे सोटमूळ खोल गेलेले असते. सप्टेंबरात एक पाऊस आला की ती पुन्हा तरारते. उलट सप्टेंबरभर झोड लागली तर मूग आधीच घरात आलेला असतो. उभ्या बाजरीच्या कणसात दाणे उगवतात, सखल भागातली तूर उबळते, पण ज्वारीला ओल भरपूर मिळते. एका वर्षात चारही पिके जाणे अवघड असते. अशक्य नाही, पण अवघड. सोयाबीनच्या सलग रानात मात्र एक आठवडाच पुरतो.

इथे एक आडवाटेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिसळपेर आपल्याकडून का गेली? भाव, सोयाबीन, कापूस ही कारणे आहेतच. पण तिफणीमागे दोरीने बांधलेला सरता, म्हणजे बी सोडायची नळी, धरून बाई चालायची, कुठे त्याला मोघा म्हणतात, आणि तिच्या ओटीतून तूर, अंबाडी, तीळ मुठीमुठीने रानात जायचे. ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले आणि सरता गोठ्यात टांगला गेला. यंत्राच्या पेटीत एकच बी भरतात. बाईची मूठ गेली, तिच्याबरोबर पाचसहा पिकेही गेली. यंत्र वाईट आहे असे म्हणणे नाही. दर तिसऱ्या फणाच्या पेटीत तुरीचे बी भरून दोनास एक सहज पेरता येते. फक्त पेरणीच्या आदल्या रात्री ट्रॅक्टरवाल्याला ते सांगावे लागते, कारण सकाळी तो घाईत असतो आणि ‘पेटी बदलायला टाइम नाही’ हे उत्तर ठरलेले असते.

पेरणीची घाई हा सगळ्यात महागात पडणारा दोष. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असते, आपल्या शिवारात नाही. म्हणून खोऱ्याने खणून पाहायचे. वीतभर खाली माती मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे. नुसती वरची चार बोटे ओली असतील तर बी उगवते, आठ दिवस हिरवे दिसते आणि मग माना टाकते. दुबार पेरणी होते ती बहुतेक अशीच. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडे पेरू नये, पुढे उत्पन्न झपाट्याने घटते. बाजरीला जुलैअखेरपर्यंत मुभा आहे. त्यामुळे पाऊस लांबला तर मुगाची जागा बाजरीला द्यावी, मुगाचा हट्ट धरू नये.

उघडीप पडली की हातात एकच हत्यार उरते, पिकाच्या ओळींमधून फिरवायचे कोळपे. ‘एक कोळपणी अर्ध्या पाण्याची’ हे जुने लोक उगाच म्हणत नव्हते. भेगांवाटे ओल उडून जाते, कोळप्याने वरची माती भुसभुशीत झाली की ती वाट बंद होते. रब्बी ज्वारीला तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात पासेचे, आठव्यात दातेरी. या तीन पाळ्या कोरडवाहूत खताच्या पोत्यापेक्षा जास्त देतात, असे आमचे मत आहे. खरिपात पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने दर चार ओळींनंतर कोळप्याला दोरी गुंडाळून एक सरी काढावी. पाऊस कमी झाला तर तीत पाणी मुरते, जास्त झाला तर तिच्यातून निघून जाते. सरी उताराला आडवी काढायची, मात्र तिचे एक तोंड बांधातल्या सांडीकडे मोकळे हवे. दोन्ही तोंडे बुजलेली सरी झडीच्या पावसात तुरीचे मूळ कुजवते.

आता बियाकडे येऊ, कारण घरखाण्याचे रान मोडते ते बहुतेक बियापायी. मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन यांचे परागीकरण आपल्याच फुलात होते, त्यामुळे घरचे बी वर्षानुवर्षे चालते. ज्वारीत थोडी आणि तुरीत बरीच सरमिसळ होते. शेजारच्या रानात दुसरा वाण असेल तर बी आपल्या पट्ट्याच्या मधोमधल्या झाडांचे घ्यावे, कडेचे नको. बाजरी पूर्ण परपरागीकरणाची, आणि दुकानातली बहुतेक संकरित असते. तिचे बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी कणसे लहान-मोठी, पुढे-मागे निसवतात. ज्वारीची कणसे उभ्या पिकातच निवडायची. दाणा टपोरा, ताट न लोळलेले, कणसाला काणी (दाण्याच्या जागी काळी भुकटी करणारी बुरशी) नाही, अशा ताटांना चिंधी बांधून ठेवायची आणि ती काढणीच्या आधी वेगळी खुडायची. खळ्यावरच्या ढिगातून ‘चांगले दिसतात’ म्हणून दाणे निवडले तर ताट कसे होते ते कळत नाही.

बियाचे तीन वाटे करावेत. एक यंदाच्या पेरणीचा, दुसरा दुबार पेरणीचा, तिसरा पुढच्या सालाचा. हे तीनही वाटे मिळून वरच्या एक एकराला पंचवीस-तीस किलोच्या आत बसतात, कारण भुईमूग सोडला तर बी किलो-दोन किलोच लागते. तिसरा वाटा घरात ठेवू नये. माहेरी किंवा बहिणीकडे, दहा-पंधरा किलोमीटर लांब, दुसऱ्या ओढ्याच्या काठी पाठवावा. एका ढगफुटीत दोन्ही गावांची कोठारे भिजत नाहीत. गेल्या वर्षीच्या पुरात ज्या घरांत पाणी शिरले, तिथे पैशाआधी बी गेले होते, हे विसरून चालणार नाही.

उगवण चाचणी सगळ्यांना माहीत असते आणि तरी निम्मी चुकते. बी पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घ्यायचे, मिसळायचे आणि त्यातले सलग शंभर दाणे मोजायचे. इथेच पहिली चूक होते. हात आपोआप टपोरे दाणे उचलतो, चाचणीत ९० टक्के येतात आणि रानात ५५. गोणपाट भिजवून घट्ट पिळायचे, पाणी ठिबकता कामा नये. त्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे, दोन दाण्यांत अंगठ्याच्या पेराचे अंतर. वरून दुसरे ओले गोणपाट, मग सैलसर गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी नुसते शिंपडायचे. पत्र्यावर ठेवली तर उन्हाने शिजते, माठाखाली ठेवली तर कुजते. मूग-उडीद चार-पाच दिवसांत, ज्वारी-सोयाबीन सहा-सात दिवसांत मोजावे. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच दाणे धरायचे. नुसते टरफल फुटलेले, वाकडे, बुरशी धरलेले धरायचे नाहीत. ज्वारी, तूर, मूग, उडीद पंचाहत्तरच्या वर हवेत, सोयाबीन सत्तरच्या वर. सोयाबीनचे सत्तर आले तर एकरी ३० किलो बी. साठ आले तर ३५ किलो पेरून निभावते. त्याखाली बी बदललेले बरे. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीयंत्र जोरात फिरले किंवा पोती उंचावरून आपटली तर ते आतून फुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बियापुरते तरी काठीने बडवून काढावे.

पेरायच्या आधी ज्वारीच्या बियाला किलोला चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळली तर काणी येत नाही. बाजरीला अरगटाची भीती असेल, म्हणजे गेल्या हंगामात कणसातून मधासारखा चिकट द्रव आला असेल, तर दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून बी त्यात बुडवायचे. तरंगणारे काढून टाकायचे, खाली बसलेले दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवायचे. तरंगलेले दाणे कोंबड्यांना टाकू नयेत, ते विषारी असतात. वाटपात आलेले, विषारी औषधाचा लाल-हिरवा रंग लावलेले मिनीकिटचे बी उरले तर दळायचे नाही. पेरणी उरकल्यावर आलेले असे किट कोठीत पडून राहते आणि ऐन भाद्रपदात, घरात दाणा नसताना, मोह होतो.

साठवण. तुरीवर-मुगावर भुंगा कोठीत येतो असे वाटते, पण त्याची अंडी रानातल्या शेंगेवरच घातलेली असतात. भिंगाशिवायही दिसतात, दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके. महिन्याभरात एक पिढी निघते, म्हणून काढणीनंतर ‘बघू सवडीने’ म्हटले की डाळ चाळणीसारखी होते. दाणे वाळले का हे दातांखाली कट्कन आवाज येतो का यावरून ठरवतात. त्याहून बरा उपाय म्हणजे काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर धान्य आणि चमचाभर तव्यावर भाजलेले मीठ घालून हलवायचे आणि दहा मिनिटे ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, धान्य पुन्हा उन्हात. मात्र मीठ चिकटले नाही म्हणजे बी ठेवण्याजोगे झाले असे नाही. बियाला दहा टक्क्यांच्या आत यायला आणखी दोन कडक उन्हे द्यावी लागतात. आणि उन्हातून उचललेले गरम धान्य तसेच डब्यात भरायचे नाही. रात्रभर पसरून थंड होऊ द्यायचे. नाहीतर डब्याला आतून घाम येतो आणि वरच्या थराला बुरशी धरते. ही चूक शहाण्या घरांतही होते.

खायच्या कडधान्याला किलोला पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, गोडे तेल चोळले तर भुंग्याची अंडी चिकटत नाहीत आणि घातलेली उबत नाहीत. बियाला राख. राख चुलीतली, चाळलेली, पूर्ण थंड आणि प्लास्टिक न जाळलेली. चिमूटभर राखेने काही होत नाही. दाण्यांमधल्या सगळ्या फटी भरल्या पाहिजेत, म्हणजे मापाने जवळपास दाण्यांइतकीच राख लागते, आणि वरून चार बोटे जाड थर. एका मोठ्या कणगीपेक्षा पाच-सात लहान डबे बरे. एक उघडला तर बाकीचे बंद राहतात. जुन्या उतरंडीचे शहाणपण हेच होते. सेल्फॉसच्या (धान्यातल्या किडीसाठीच्या) गोळ्या झोपायच्या खोलीतल्या कोठीत टाकण्याची सवय मात्र ताबडतोब थांबली पाहिजे. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि बंद घरात तो आधी लहान मुलांना गाठतो.

सेंद्रिय निविष्ठांबद्दल थोडे वेगळे बोलायचे आहे. निंबोळी अर्क कामाचा आहे. जून-जुलैत निंबोळ्या गोळा करून वाळवायच्या, पाच किलो कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायच्या, गाळून, थोडा साबणचुरा घालून शंभर लिटर करायचे आणि फवारणी उन्हे उतरल्यावर करायची, कारण उन्हात त्यातला अंश टिकत नाही. तुरीवर शेंगअळी दिसली की झाडाखाली पोते अंथरून झाड हलवणे हा त्याहून स्वस्त उपाय. पण जीवामृताचे गणित प्रशिक्षणात सांगितले जाते तितके हलके नाही. एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. उन्हाळ्यात टँकरवर असलेल्या गावात दोनशे लिटर म्हणजे पंधरा-सतरा घागरी, आणि त्या कोणाच्या डोक्यावरून येतात हे सांगायला नको. शिवाय जमिनीत ओल नसेल तर ते ओतून फायदा नाही. ज्या उपायाने बाईचे ओझे वाढते, तो तिच्यासाठीचा उपाय म्हणून मोजू नये.

तणनाशकाचे उलटे आहे. त्याने निंदणीचे कष्ट वाचतात, म्हणून बाया ते नाकारत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. पण तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, कुर्डू ही रानातली फुकटची भाजी त्याच फवाऱ्यात जाते, आणि ती जाते नेमकी आषाढ-श्रावणात, जेव्हा जुने धान्य सरत आलेले असते आणि बाजारातली भाजी महाग असते. जुलैत फवारायचे आणि ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवायचा, असे आपले चालले आहे. घरखाण्याच्या एकरात तरी तणनाशक मारू नये. शेजारच्या सोयाबीनमधून उडून येऊ नये म्हणून कडेला बाजरीच्या चार दाट ओळी ठेवाव्यात.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हापासून गावठी बियाण्याबद्दल आस्था वाढली, हे चांगलेच झाले. पण त्यांचे वाण सह्याद्रीच्या पावसाचे. ते आणून धाराशिवच्या कोरड्या माळावर पेरणे म्हणजे अर्थ न समजता नक्कल करणे. प्रत्येक तालुक्याला आपले वाण आपणच शोधावे लागतील. कायदा आड येत नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त कंपनीच्या नावाखाली पिशवीबंद करून विकता येत नाही.

इतके सगळे केल्यावर ही बाई सरकारच्या कागदावर कुठे दिसते? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के. एप्रिल २०२५ पासून राज्यात योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. ज्या बाईने बी राखले, पेरले आणि निंदले, तिचे नाव तिथे नसेल तर ती शेतकरी ठरत नाही. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती ही बायकोच्या नावे जमीन करण्याची मोहीम चालवली आणि १९९२ मध्ये शासनाने त्याला आधार दिला. नवऱ्याच्या हयातीत, त्याच्या अर्जावर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावता येते. ही तरतूद ग्राम महसूल अधिकाऱ्याला (पूर्वीच्या तलाठ्याला) नव्याने समजावून सांगावी लागते, असा सर्रास अनुभव आहे. नवरा गेलेला असेल तर वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यावी. ‘मुलाचेच नाव लावू, तुला काय करायचंय’ असे घरात म्हटले जाते, तिथे थांबायचे नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा समान हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने तो आणखी स्पष्ट केला, तरी हक्कसोडीच्या कागदावर राखीपौर्णिमेला सह्या होतच आहेत.

दुसरी अडचण पिकाच्या नोंदीची. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये मिश्र पीक निवडायची सोय आहे. पण फोन घरच्या पुरुषाचा असतो आणि घाईत ‘सोयाबीन’ एवढेच टाकून तो मोकळा होतो. मग पंचनाम्यात बाजरी-तूर, मूग, भुईमूग उरतच नाहीत. नोंद करताना बाईने शेजारी बसून मुख्य आणि दुय्यम पीक दोन्ही गुंठ्यांसह भरून घ्यावे आणि बांधावरचा फोटो तिने काढावा. २०२५ च्या खरिपापासून विम्याची भरपाई पीककापणी प्रयोगावर आली आहे. तो प्रयोग मंडळातल्या अधिसूचित पिकावर होतो. एकट्या घरच्या चौदा गुंठे मुगाला त्यात जागा नाही. आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या नियमाप्रमाणे कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, म्हणजे एकराला ३,४०० रुपये. तेही खातेदाराच्या खात्यावर, आणि बहुधा पेरणीची वेळ निघून गेल्यावर.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पुरात किंवा दुष्काळात बाधित गावाला रोख मदतीबरोबर आठवड्याच्या आत बियाची पिशवी मिळावी. रब्बीसाठी ज्वारी दीड किलो आणि हरभरा, करडईचे थोडे, एवढीच. ती उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांतल्या कृषी सखींनी दिलेल्या यादीवर वाटावी, सातबाऱ्यावर नव्हे. मालदांडीची पेरणी पंधरा ऑक्टोबरनंतर लांबत गेली की उतारा घटतो, त्यामुळे दिवाळीत आलेल्या बियाचा काही उपयोग नाही. दुसरे, पंचनाम्याच्या नमुन्यात मिश्र पिकाचा आणि घरात भिजलेल्या धान्य-बियाचा रकाना असावा. तिसरे, शेतकरी ओळख क्रमांक कसणाऱ्या बाईलाही मिळावा, ग्रामसभेच्या ठरावावर. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने तालुक्याला मेळावे होतील, फेटे बांधले जातील. त्या मंडपात एका टेबलावर ग्राम महसूल अधिकारी वारसनोंदीचे आणि लक्ष्मीमुक्तीचे अर्ज घेऊन बसला तरी पुष्कळ.

तोवर घरातले काम थांबायचे कारण नाही. रोहिणी २५ मेला लागते, मृग त्यानंतर दोन आठवड्यांनी. चाचणीला सात दिवस जातात. बी नापास झाले तर दुसरे शोधायला आणि त्याचीही चाचणी घ्यायला आणखी दहा-बारा. म्हणजे गोणपाट भिजायचे ते याच आठवड्यात.

आपल्या,
बियाणे व धान्य साठवणुकीचे काम करणाऱ्या काही वाचक,
जि. धाराशिव